शनिवारी नाव देणारे

मेलेल्या माणसांना जेवणाचं आमंत्रण द्यायला मी एकदा गेलो होतो. एकटा नव्हे, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर. त्यांच्या हातात टोपी होती आणि माझ्या हातात वही. हे चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच खुर्ची पुढे ओढतात. तुम्हीही ओढा. गोष्ट फार लांब नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. धामणगाव बढे आणि पिंपळगाव राजा यांच्या मधल्या एका गावात आमची लूथरन ख्रिस्ती मंडळी होती. पत्र्याचं चर्च, चौथीपर्यंतची शाळा, पाळकसाहेबांचं दोन खोल्यांचं घर आणि नाल्याकाठचं कबरस्तान, एवढाच संसार. मी शाळेत मास्तर होतो आणि मंडळीचा चिटणीसही. वय तेवीस, अक्षर देखणं, अक्कल बेताची.

परदेशी मिशनरी देश स्वतंत्र झाल्यावर एकेक करून निघून गेले होते. त्यांच्या देशातून पैसा मात्र येत राहिला. तो यायचा मुख्य कचेरीत, आणि तिथे तो सांभाळायचे खजिनदारसाहेब. पांढरेशुभ्र कपडे, कानात अत्तराचा फाया, कचेरीची जीप, आणि आवाज असा गोड की ते साधी दाढदुखी सांगू लागले तरी लोकांनी 'आमेन' म्हणावं. त्यांचं शहरातलं घर दरवर्षी एका खोलीने वाढत होतं. आमच्या चर्चचे पत्रे कचेरीच्या कागदावर दोनदा बदलून झाले होते. प्रत्यक्षात पावसाळ्यात आम्ही छत्री उघडून उपासना करत होतो. पाळकसाहेबांचा पगार नऊ महिन्यांचा थकला होता.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. रविवारी ज्याला प्रभुभोजन घ्यायचं असेल त्याने शनिवारी पाळकाकडे जाऊन नाव द्यायचं. 'उद्याच्याले माहं नाव घ्या' एवढंच म्हणायचं. पाळक वहीत नाव लिहायचा, घरात कुणाशी भांडण असेल तर आधी मिटवून ये म्हणायचा. जो आजारी असेल, ज्याला चालवत नसेल, त्याच्या घरी पाळकाने स्वतः जाऊन नाव विचारायचं. रविवारी मग ती नावं बारा-बारांनी पुकारली जात. बारा माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत, भाकर आणि द्राक्षारस घेत, पाळक हात वर करून 'शांतीने जा' म्हणे, आणि पुढचे बारा येत. याला आम्ही पंगतच म्हणायचो.

याशिवाय एक मोठी नोंदवही होती, सगळ्या सभासदांची. तिच्यात आमच्या पाळकसाहेबांनी तीस वर्षांत एकही नाव खोडलं नव्हतं. कुणी वारलं की ते नावाआधी बारीकसा क्रूस काढायचे, बस. मी एकदा विचारलं होतं की रेघ का मारत नाही. ते म्हणाले होते की माणूस मंडळीतून गेला नाही, जागा बदलून बसला आहे.

ह्याच वहीने आमचा घात केला. खरं म्हणजे मी केला.

परदेशातून एक पाहुणे तपासणीला येणार होते. प्रभुभोजन घेणारे सभासद किती, यावर मंडळीचं अनुदान ठरायचं. खजिनदारसाहेब जीप घेऊन शाळेत आले, माझ्या फळ्यावरच्या अक्षराकडे कौतुकाने बघत राहिले, आणि म्हणाले की मुख्य कचेरीत असा हात असलेला कारकून हवा आहे. पक्की नोकरी, शहरात खोली. मग जाता जाता सहज म्हणाले, ती नोंदवही नीट उतरवून पाठवा. नावंच फक्त, ते बारीक क्रूसबिस नको, टाईप करणाऱ्याचा गोंधळ होतो.

मला कळलं नाही असं मी आजवर पुष्कळांना सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. मला पहिल्या पानावरच कळलं. तरी मी दोन दिवस बसून, सुंदर अक्षरात, एकशे त्रेचाळीस नावं उतरवली. जिवंत होती अठ्ठावन्न. सहाव्या पानावर माझ्या आईचं नाव आलं. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. तिथे टाक जरा अडला. मी तो दौतीत बुडवला आणि पुढे लिहिलं.

पाळकसाहेबांना न दाखवता मी ती यादी टपालात टाकली.

शनिवारी दुपारी खजिनदारसाहेब ती टाईप करून, शिक्का मारून घेऊन आले. रविवारच्या उपासनेनंतर पाहुण्यांसमोर पाळकसाहेबांनी तिच्यावर सही करायची होती. पाळकसाहेब ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली. घाई नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते.

खजिनदारसाहेबांनी सौदा मोकळेपणाने मांडला. सही झाली की नऊ महिन्यांचा पगार आठवडाभरात, आणि यंदा पत्रे खरेच येणार. सही नाही झाली तर कमिटीला वेगळा विचार करावा लागेल. हे घर मिशनचं आहे, आणि पाळकसाहेबांचं वय झालं आहे. हे सगळं त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितलं. पाळकीणबाई आत चुलीशी होत्या. त्यांचा तवा वाजायचा थांबला.

पाळकसाहेबांनी यादीची घडी केली. "हे सगळे उद्या प्रभुभोजन घेतात म्हणता?"

"कागदावर घेतात," खजिनदारसाहेब हसून म्हणाले.

"मंग आज शनिवार आहे. नाव द्या लागते त्याईले."

खजिनदारसाहेबांना वाटलं म्हातारा कबूल झाला आहे आणि थट्टा करतो आहे. ते पाहुण्यांना आणायला खामगावकडे निघून गेले. जीपची धूळ खाली बसल्यावर पाळकसाहेबांनी मला शनिवारची वही घ्यायला सांगितली. मी विचारलं कुठे जायचं. ते म्हणाले, जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी.

आम्ही नाल्याच्या वाटेला लागलो तेव्हा माझ्या पायांना ते माझ्याआधी समजलं.

चैत्राचं ऊन उतरणीला लागलं होतं. कबरस्तानात चार-दोन चुना लावलेले दगड सोडले तर सगळे मातीचे उंचवटे, त्यांतले अर्धे बसून गेलेले, वर बाभळीच्या शेंगा पडलेल्या. कुणाचं काय आहे हे परक्या माणसाला कळूच नये. पाळकसाहेब मात्र गल्लीत घरं ओळखावीत तसे चालले. पहिल्या उंचवट्याशी थांबले, टोपी काढली, नावाने हाक मारली आणि साध्या आवाजात म्हणाले, "उद्या प्रभुभोजन आहे. नाव देता का?"

आणि ते थांबले. उत्तराला लागतो तेवढा वेळ.

मग पुढच्या उंचवट्याशी. पुन्हा हाक, पुन्हा तेच शब्द, पुन्हा तेवढंच थांबणं. प्रत्येकाशी त्यांचा बोलण्याचा सूर वेगळा होता. एका ठिकाणी ते जरा मोठ्याने बोलले, आणि मला आठवलं की ती म्हातारी ऐकायला कमी होती. एका ठिकाणी विचारण्याआधी ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, आणि मग म्हणाले, भावाशी बोलणं सुरू कर बरं आधी.

काठावर एक बाई बकऱ्या चारत होती. तिने विचारलं, "काय करून राह्यले हो पाद्रीबाबा?"

"उद्याच्या पंगतीचं सांगून राह्यलो, बाई."

तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा उंचवट्यांकडे, आणि लुगडं सावरत गावाकडे निघाली. बकऱ्या तिथेच राहिल्या. तास-दीड तासाने तिचा नवरा काठी घेऊन आला आणि आमच्याकडे पाठ करून त्या हाकून घेऊन गेला.

तुम्ही म्हणाल, यात भ्यायचं काय. मीही पहिल्या दहा कबरींपर्यंत मनात हसत होतो; संध्याकाळी कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. पण तिसाव्या-चाळिसाव्या हाकेनंतर मला एक गोष्ट जाणवली. पाळकसाहेब थांबत होते तो वेळ सगळीकडे सारखा नव्हता. कुठे ते लगेच मान हलवून पुढे जात, कुठे बराच वेळ थांबत, कुठे मधेच 'बरं' म्हणत. समोरून काही ऐकू आल्यावर माणूस जसं करतो तसं. मी ऐकायचा प्रयत्न केला. एवढा वेळ ओरडणारे तितर गप्प झाले होते. वारा नव्हता. बाभळीच्या शेंगा मात्र आमच्या मागे, आम्ही सोडून आलो होतो तिथे, एकेक चुरडल्यासारख्या वाजत होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही. चौथीपर्यंतचं विज्ञान मी शिकवत होतो. उन्हाने वाळलेली शेंग आपोआप तडकते हे मला ठाऊक होतं. तरी पाहिलं नाही.

आई कडुलिंबाखाली होती. तिथे पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं आणि विचारलं. मी जमिनीकडे पाहत होतो. थांबण्याचा वेळ सरला, तरी ते पुढे जाईनात.

"लिही," ते मला म्हणाले.

मी वही उघडली. हात हलेना.

"आंधी लिह्यलं ना तूनं. मंग आता काऊन थांबला?"

यादी मी उतरवली हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि यादी टाईप केलेली होती. माझं अक्षर त्यांना त्या कागदावर दिसलेलं नव्हतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गणित अडलेल्या मुलाला मी जसं विचारायचो तसं त्यांनी विचारलं होतं. मी काहीच लिहिलं नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळ्या पंच्याऐंशी कबरी संपवल्या आणि परत आलो.

रविवारी पाहुणे आले. मान उन्हाने लाल झालेले वयस्कर गृहस्थ, त्यांना मराठी येत नव्हतं. खजिनदारसाहेब शेजारी बसून इंग्रजीतून सांगत होते. मी वेदीच्या बाजूला वही घेऊन बसलो होतो. उपदेश छोटा झाला. मग प्रभुभोजनाची वेळ आली आणि पाळकसाहेबांनी टाईप केलेली यादी उघडली.

यादी नोंदवहीच्या क्रमाने होती, म्हणजे सगळ्यात जुने आधी. पहिली बारा नावं पुकारली गेली. बाराही कबरस्तानातली.

कुणी उठलं नाही. पाळकसाहेब कठड्यामागे उभे राहिले, बारा माणसांना देऊन होतं तेवढा वेळ. ताटलीला हात लावला नाही, पेल्याला लावला नाही, फक्त वाट पाहिली. मग हात वर करून म्हणाले, "शांतीने जा." आणि दुसरे बारा पुकारले.

चर्चमध्ये आधी चुळबूळ झाली, दोन बायांनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. दुसऱ्या पंगतीला हसू थांबलं. तिसऱ्या पंगतीला कठड्यापुढची गुडघे टेकायची फळी वाजली. जड माणसं टेकली की ती वाजायची, तशीच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पत्रा तापला होता, लाकूड ताणतं. मी आधीच सांगितलं की मला विज्ञान येतं. पण तिसऱ्या बाकावरच्या एका बाईने आपले गुडघे आत घेतले आणि लुगड्याचा काठ गोळा केला, कुणाला तरी जायला वाट देताना घेतात तसे. तिला आपण काय केलं हे नंतर कळलं, कारण मग ती रडायला लागली.

पाहुण्यांनी वाकून काहीतरी विचारलं. खजिनदारसाहेब कुजबुजले. मला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं. ते सांगत होते की ही इथल्या लोकांची मूक प्रार्थनेची पद्धत आहे. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज अजून गोडच.

चौथी पंगतही रिकामी गेली. पाचवीत पहिल्यांदा माणसं उठली, तिघं. त्यांतला एक म्हातारा विधुर कठड्याशी जाऊन, डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून टेकला. सहावीत चार बाया आल्या. त्यांच्या नावांमध्ये माझ्या आईचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या चौघी टेकल्या तेव्हा मधोमध तिची जागा आपोआप मोकळी राहिली.

मी त्या जागेकडे पाहिलं. तिथे काही दिसलं म्हणाल तर नाही. पण बाजूच्या बाईने किंचित सरकून जागा आणखी थोडी रुंद केली, आणि माझी आई अंगाने भरलेली होती.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. वही खाली पडल्याचा आवाज आठवतो.

"माय मेली माही," मी म्हणालो. "आठ वर्षं झाले. तिचं नाव म्या लिह्यलं."

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "एकलीचंच का, मास्तर?"

"नाही. सगळ्याईचं."

खजिनदारसाहेब पाहुण्यांना सांगत होते की हा तरुण आईच्या आठवणीने भारावला आहे. पाहुण्यांनी सहानुभूतीने मान हलवली. तेवढ्यात तो विधुर जागेवरून उठला आणि म्हणाला, "माही बायको बी हाय त्यात. दुसऱ्या बाळंतपणात गेली." मागून कुणी म्हणालं, माझा बाप. कुणी म्हणालं, माझी सासू, तिचं तर मी तोंडही पाहिलं नाही. एकेक माणूस उभं राहून आपापलं मेलेलं माणूस मागून घेत होतं, जसं बाजारातून परतताना गर्दीत सुटलेलं मूल हाताशी ओढून घ्यावं. खजिनदारसाहेब भाषांतर करायचे थांबले.

उरलेल्या पंगती झाल्या. अठ्ठावन्न जणांनी घेतलं, त्यात मी शेवटचा. मला वाटलं होतं पाळकसाहेब माझ्या हातावर भाकर ठेवणार नाहीत. ठेवली.

चर्चच्या मागच्या लहान खोलीत टेबलावर यादी होती. खजिनदारसाहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. पाहुण्यांसमोर हसऱ्या तोंडाने, पण आमच्या बोलीत, कारण ती पाहुण्यांना कळणार नव्हती, ते म्हणाले, "पाळकसाहेब, घर खाली करा लागीन. बाईले घेऊन कोठी जासान या वयात?"

पाळकसाहेबांनी पेन घेतलं. माणूस घाबरला होता. बाहेर पाळकीणबाई पायरीवर बसल्या होत्या, दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाळकसाहेबांनी एकदा तिकडे पाहिलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

मग ते यादीवर वाकले आणि पहिल्या नावाआधी क्रूस काढला. मग दुसऱ्या. खोलीत पेनाच्या खरखरीशिवाय काही नव्हतं. पाहुणे आधी नुसते बघत होते, मग चष्मा लावून जवळ आले. त्यांच्याकडच्या चर्चच्या वह्यांतही मेलेल्यांना हीच खूण करत असावेत, कारण दहाव्या-बाराव्या क्रूसापाशी त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खजिनदारसाहेबांना काही विचारलं नाही. ओठ हलवत ते मोजू लागले. पंच्याऐंशी क्रूस काढून झाल्यावर पाळकसाहेबांनी खाली सही केली. पाहुण्यांनी यादीची घडी करून ती आपल्या खिशात घातली. खजिनदारसाहेबांनी त्यासाठी पुढे केलेला हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

कोंबडीचं जेवण ठरलं होतं. ते खजिनदारसाहेबांनी पोटभर घेतलं, हेही सांगायला हवं. आणि त्यांची खुर्ची लगेच गेली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कमिट्या पाहिलेल्या नाहीत. चौकशी नेमली गेली, ती दोन वर्षं चालली. त्या काळात सगळ्या मंडळ्यांचं अनुदान बंद राहिलं आणि आजूबाजूच्या गावांतले आमचेच लोक आमच्याशी बोलेनासे झाले. मला कचेरीची नोकरी मिळाली नाही. पाळकसाहेबांना महिन्याभरात घर सोडण्याचं पत्र आलं.

त्यांचं सामान एका बैलगाडीत मावलं. चिखलीकडे पाळकीणबाईंच्या भावाकडे जायचं ठरलं होतं. मी नोंदवही आणि शनिवारची वही ताब्यात घेतली. तोवर रविवारच्या त्या प्रकाराबद्दल मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आता गाडी जुंपली जात होती, तेव्हा विचारलं. म्हटलं, खजिनदारांना दाखवायला तुम्ही केलंत ते मला समजलं. पण त्या रिकाम्या पंगती उठवायला तुम्ही एवढा वेळ का लावलात? पाच मिनिटांत भागलं असतं.

ते जुवाजवळ उभे होते. चेहऱ्यावर त्या दिवशीच्या सहीबद्दल काही नव्हतं, घराबद्दलही नव्हतं. एखाद्या घरच्या कार्यात वाढताना चूक झालेली माणसाला नंतर टोचत राहते, तसं काहीतरी होतं.

"चौथी पंगत म्या लवकर उठवली, मास्तर," ते म्हणाले. "त्याईचं झालं नव्हतं."

मग त्यांनी पाळकीणबाईंना हात देऊन गाडीत चढवलं.